'डिस्क गेली' असे म्हणण्यापूर्वी

घरातील एखाद्या कोपऱ्यात, बहुधा राउटरशेजारच्या फळीवर किंवा कपाटाच्या तळच्या कप्प्यात, अहोरात्र चालणारा एक जुना संगणक ठेवावा, त्याला दोन-चार हार्ड डिस्क जोडाव्यात, आणि कुटुंबाची छायाचित्रे, मिळकतीचे दस्तऐवज, आजीच्या आवाजात मुद्रित करून ठेवलेल्या ओव्या, मुलांच्या स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती असा सारा संग्रह त्यावर जतन करावा, हा प्रघात गेल्या काही वर्षांत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात हळूहळू रुजू लागला आहे. त्याला कारणेही तशीच घडली. २०१९ साली मायस्पेस या एके काळच्या बलाढ्य संकेतस्थळाने सर्व्हरच्या स्थलांतरात लोकांनी २०१५ पर्यंत तेथे ठेवलेले संगीत नष्ट झाल्याची कबुली दिली. गूगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद विनामूल्य साठवण बंद केली. आणि आपली चीजवस्तू आपल्याच ताब्यात असलेली बरी, ही इच्छा त्यामुळे बळावली असल्यास त्यात नवल नाही. परंतु ताब्यामागोमाग जबाबदारीही येते, आणि ती निभावण्याचा प्रसंग बहुधा अवेळीच गुदरतो.

हा घरचा सर्व्हर एखाद्या रात्री फायली उघडेनासा झाला, मध्येच थबकू लागला किंवा सुरूच होईना, की घरातील जाणती मंडळी, वरच्या मजल्यावरचे अभियंता गृहस्थ आणि बाजारातील दुकानदार यांचा निकाल आश्चर्य वाटावे इतका एकमताचा असतो: डिस्क गेली. या निकालावर अपील नसते आणि त्याची अंमलबजावणीही तत्काळ होते; जुनी डिस्क उपसली जाते, नवी बसवली जाते, आणि पुष्कळदा पंधरवड्याच्या आत नवीही 'जाते'. माझे म्हणणे असे आहे की हा निकाल ज्या घाईने दिला जातो त्या घाईनेच तो दूषित झालेला असतो. साठवणुकीच्या तक्रारींत डिस्क ही पुष्कळदा फिर्यादी असते आणि आपण तिलाच आरोपी म्हणून उभे करतो. आणि या अन्यायामागे अज्ञानाइतकाच, बिघाडाचे निदान करण्याच्या कामाला आपण कवडीचेही मोल देत नाही, हा आपला सामाजिक दोषही कारणीभूत आहे.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली सुमारे १,००,००० डिस्कांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत छापलेल्या १० ते १५ लक्ष तासांच्या सरासरी आयुर्मानावरून वर्षाकाठी ०.८८ टक्क्यांहून अधिक डिस्क बाद होऊ नयेत असा हिशेब निघत असता, प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क सर्रास बदलल्या जातात, आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे त्यांना आढळले. निबंधाचा हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पण त्यातच एका उत्पादकाचा जो दाखला नमूद आहे, तो मात्र क्वचितच कोणी सांगतो. ग्राहकांनी सदोष म्हणून परत पाठवलेल्या डिस्कांपैकी ४३ टक्के डिस्कांत त्या उत्पादकाला कोणताही दोष आढळला नव्हता. उत्पादकाला असे म्हणण्यात स्वार्थ असतो, हे जमेस धरूनही ही संख्या दुर्लक्षिण्याजोगी खासच नाही. ज्यांच्या पदरी पगारी तंत्रज्ञांच्या तुकड्या आहेत अशा संस्थांची ही कथा, तर रात्री अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात कॅबिनेट उघडून बसलेल्या गृहस्थाची काय असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

तपासाचा आरंभ पेचकस हाती घेण्याने नव्हे, तर वाचनाने करावा. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची एक नोंदवही आपल्याच अंगावर बाळगते. तिला 'स्मार्ट' म्हणतात, आणि लिनक्सवरील 'स्मार्टसीटीएल' ही आज्ञा ती उघडून दाखवते. तिच्यात रकाने अनेक असले, तरी घरच्या सर्व्हरच्या मालकाने चार क्रमांक ध्यानात ठेवले तरी पुरे: ५, १९७, १९८ आणि १९९. पाचव्या क्रमांकात जे सेक्टर निकामी ठरून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर नेमले गेले, त्यांची संख्या असते. १९७ मध्ये वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेले सेक्टर मोजले जातात, आणि सरकारी कचेरीतील प्रलंबित प्रकरणांहून ते इतकेच बरे, की त्या जागी पुन्हा लिहिण्याचा हुकूम होताच त्यांचा निकाल तत्क्षणी लागतो. लेखन टिकले तर सेक्टर पूर्ववत कामावर रुजू होतो, न टिकले तर त्याची जागा राखीव सेक्टर घेतो. १९८ मध्ये, डिस्कने स्वतःहून घेतलेल्या तपासणीत जे सेक्टर दुरुस्त होऊ शकले नाहीत ते येतात. हे तीन आकडे शून्यावरून वर सरकू लागले, आणि विशेषतः आठवड्यागणिक वाढू लागले, की संशय डिस्कवरच घ्यावा. त्याबद्दल वाद नाही.

१९९ ची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी, आणि सर्वाधिक अन्याय येथेच होतो. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये मजकूर ये-जा करीत असता वाटेत त्यात फेरफार झाला, तर पडताळणीच्या बेरजा जुळत नाहीत आणि हा आकडा वाढतो. म्हणजे दोष वाटेचा आहे, मुक्कामाचा नाही. ज्या साटा केबलला आपण कधी नजर वर करूनही पाहत नाही, जी कॅबिनेटची बाजू बंद होईना म्हणून आपण अंगठ्याने दाबून दुमडलेली असते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत जिच्या टोकाचे संपर्क हळूहळू काळवंडलेले असतात, ती केबल बहुधा येथे दोषी असते. केबल बदलल्यावरही हा आकडा शून्यावर येत नाही, कारण ही जन्मभराची गणती आहे. तो जेथे होता तेथे स्थिर राहिला म्हणजे दोष निवारला असे समजावे. हे ठाऊक नसल्यामुळे, केबल बदलून बरी झालेली डिस्कही 'आकडा तसाच आहे' एवढ्याच सबबीवर भंगारात गेलेली मी पाहिली आहे.

यास पुष्टी देणारा आणखी एक साक्षीदार लिनक्सच्या लॉगमध्ये असतो. वाटेतील चुका वाढल्या की प्रणाली जोडणीचा वेग आपण होऊन सेकंदाला ६ गिगाबिटांवरून ३ वर आणि ३ वरून १.५ वर उतरवते व तशी नोंद लिहून ठेवते. अशा ओळी दिसल्या तर दुकानाकडे धाव घेण्यापूर्वी केबलला हात घालावा. त्याहूनही निर्णायक अशी एक परीक्षा आहे. डिस्कची दीर्घ स्वपरीक्षा संपूर्णपणे डिस्कच्या आतच चालते, वाचलेला मजकूर केबलवरून बाहेर येतच नाही. ४ टेराबाइटच्या डिस्कवर तिला आठ-दहा तास लागतात खरे, पण ती निर्दोष उतरली आणि तरीही प्रणालीला फायली वाचताना चुका येत राहिल्या, तर दोष डिस्कच्या बाहेर आहे असे जवळजवळ निःशंकपणे म्हणता येते. एक रात्र धीर धरणे, एवढेच या परीक्षेचे मोल.

बाहेरचा दोष म्हटला की आपल्या प्रांतात प्रथम आठवण यावी ती विजेची. साडेतीन इंची डिस्कला चालू असताना पाच ते आठ वॅट पुरतात. पण थांबलेल्या तबकड्या फिरवून पूर्ण वेगास नेण्याच्या त्या काही सेकंदांत ती १२ व्होल्टच्या तारेवरून २ अँपिअरपर्यंत, म्हणजे सुमारे २४ वॅट ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की हा बोजा शंभर वॅटच्या घरात जातो, आणि कार्यालयातून निवृत्त होऊन आलेल्या संगणकातील दहा वर्षांचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा संच, तो पेलेलच असे नाही. मग होते असे, की सकाळी सर्व्हर सुरू करताच एखादी डिस्क दिसत नाही, पुन्हा सुरू केला तर ती दिसते आणि दुसरीच हरवते; आणि घरमालक प्रत्येक डिस्कवर पाळीपाळीने आळ घेत राहतो. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या दुकानांतून घेतलेल्या दोन डिस्क एकाच आठवड्यात आजारी पडल्या, तर आजार डिस्कांचा नसून त्या दोघींना जे सामाईक आहे त्याचा असण्याचा संभव अधिक, हा नियम मी तरी फारसा मोडलेला पाहिला नाही. सामाईक काय, तर एसएमपीएस, मदरबोर्डवरील कंट्रोलर आणि रॅम.

रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर सर्व्हर चालवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि तेथे हीच कथा लहान प्रमाणावर घडते. त्याच्या चौथ्या आवृत्तीला ५.१ व्होल्ट व ३ अँपिअरचा पुरवठा हवा असतो. आपण त्याला मोबाइलचा जुना चार्जर लावतो, वर यूएसबीला एक पोर्टेबल डिस्क लटकावतो, आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली घसरल्याचा इशारा तो बिचारा लॉगमध्ये लिहीत असता, 'डिस्क आपोआप सुटते' अशी तक्रार करीत हिंडतो.

घराच्या भिंतीआड काय आहे, याचाही विचार करावा लागतो. वळवाच्या पहिल्या सरींबरोबर वीज पाचदहा मिनिटांत तीनदा जाते आणि येते, त्या वेळी अर्धवट लिहिल्या गेलेल्या मजकुराचे जे होते, त्याला डिस्क कशी जबाबदार? यूपीएस बसवले म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनीही त्यातील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे वय पाहावे. साधारणपणे २५ अंशांवर दर १० अंश वाढीस तिचे आयुष्य निम्मे होते, आणि विदर्भातील उन्हाळ्यात बंद खोलीत ती काय भोगते हे सांगायला नको. असे यूपीएस हिरवा दिवा दाखवीत राहते आणि प्रसंगी एका क्षणात मान टाकते. सबब दर तीन-चार महिन्यांनी सर्व्हर बंद करून त्याच्या जागी एखादा जुना १०० वॅटचा बल्ब लावावा, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि तो किती वेळ तेवतो ते पाहावे. अर्थिंगचे तर बोलायलाच नको. दोन छिद्रांच्या सॉकेटात बसेना म्हणून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून टाकणारे महाभाग आपल्यात अजून आहेत, आणि कॅबिनेटला हात लावताच बोटांना येणाऱ्या झिणझिण्या ते यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून देतात.

रॅमचा दोष याहून कपटी, कारण तो स्वतःच्या नावाने कधी प्रकट होत नाही. २००९ साली श्रोडर यांनी गूगलच्या संशोधकांसह जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत किमान एक तरी चूक नोंदली गेल्याचे आढळले. आणि तेथील रॅम चुका ओळखून दुरुस्त करणारी, ईसीसी म्हणतात त्या जातीची होती. आपल्या घरच्या संगणकात ती सहसा नसते. मग एखादा बिट उलटतो, चुकीचा मजकूर अगदी शिस्तीने डिस्कवर लिहिला जातो, आणि महिन्यांनंतर फोटो अर्धा करडा उघडला की दोष कोणाच्या माथी बसतो, हे सांगणे नको. रात्रभर 'मेमटेस्ट' ही रॅम तपासणारी आज्ञावली चालवणे हा यावरचा रूढ उपाय. पण त्याआधी पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवरून साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, कण झटकावेत आणि ती टक् असा आवाज होईपर्यंत परत बसवावी. आपल्याकडील दुरुस्ती करणारे कारागीर हा उपाय वर्षानुवर्षे करीत आले आहेत, आणि त्याला हसणारे बहुधा तो न करणारेच असतात. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक घड्याळ विसरतो, सेटिंग विसरतो, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तेही विसरतो. या किरकोळ किमतीच्या वस्तूपायी हजारो रुपयांच्या डिस्कवर आळ आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आता डिस्कच खरोखर मरणपंथाला लागली असेल तर? तसेही घडते, आणि त्या वेळी दिरंगाई घातक असते. गूगलने २००७ सालीच १,००,००० हून अधिक डिस्कांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव, चूक न आढळलेल्या डिस्कांच्या ३९ पट असल्याचे दिसून आले. त्याच अभ्यासाने हेही दाखवले, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी अभ्यासाने प्रमुख ठरवलेल्या चार 'स्मार्ट' लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते. इशारा आला तर तो मानावा. पण इशारा आला नाही म्हणून गाफील राहू नये.

अशा वेळी पहिले कर्तव्य दुरुस्तीचे नसून नकलेचे आहे. फाईल-यंत्रणा दुरुस्त करण्याची आज्ञा आजारी डिस्कवर चालवणे म्हणजे जो मजकूर अद्याप वाचता येण्याजोगा आहे त्यावरच नवे लेखन करणे, आणि हा अविचार मोठमोठे जाणकारही घाईत करतात. डिस्कवरील सर्व लेखन थांबवावे, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची दुसरी डिस्क जोडावी आणि 'डीडीरेस्क्यू' नावाचे विनामूल्य साधन चालवावे; ते सुरळीत वाचता येणारा भाग प्रथम उतरवून घेते, हट्टी जागांकडे शेवटी वळते, आणि कोठवर पोहोचलो याचा तपशील एका फायलीत ठेवीत असल्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम तेथूनच पुढे सुरू करता येते. दुरुस्तीचे सारे प्रयोग मग त्या नकलेवर करावेत. डिस्कमधून लयबद्ध टकटक ऐकू येत असेल, तर मात्र हेही करू नये. वीज तोडावी आणि मजकूर खरोखर मौल्यवान असेल तर तज्ज्ञाकडे जावे. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जो तोडगा कर्णोपकर्णी फिरत असतो, तो आपल्या दमट हवेत तर शुद्ध वेडेपणा आहे. जिच्यातील वाचनशीर्ष तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते, तिच्यात दवाचे थेंब धरवून कोणाचे कल्याण होणार?

येथे कोणी म्हणेल, की आमच्याकडे रेड आहे, आम्हांला ही चिंता कशाला? डेव्हिड पॅटरसन, रँडी कॅट्झ आणि वर उल्लेखिलेले गिब्सन यांनी बर्कली येथे १९८८ साली मांडलेली ही कल्पना, की अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक बंद पडली तरी काम चालू ठेवावे, निःसंशय थोर आहे. पण घरगुती वापरात तिच्यापोटी दोन नव्या चुकीच्या निकालांची उत्पत्ती होते, आणि त्यांचा थोडा विस्तार केला पाहिजे. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा अडलेला सेक्टर वाचण्यासाठी मिनिट मिनिट झटत राहते, कारण ती एकटी असेल असे गृहीत धरून ती घडवलेली असते; रेड-कंट्रोलर मात्र आठ-दहा सेकंदांत आणि लिनक्स ३० सेकंदांत धीर सोडतो, व अन्यथा धडधाकट असलेल्या डिस्कला संघातून बडतर्फ करतो. डिस्क तेव्हा मेलेली नसते, तिने फक्त उत्तराला वेळ लावलेला असतो. ज्या डिस्कांत हा हट्ट सातेक सेकंदांवर मर्यादित करता येतो, त्यांत तो करून ठेवावा. ज्यांत येत नाही, तेथे लिनक्सचा धीर तीन मिनिटांपर्यंत वाढवावा.

दुसरा प्रकार अधिक गंभीर, कारण त्यात ग्राहकाची सरळसरळ दिशाभूल झाली होती. क्षमता वाढवण्यासाठी काही डिस्कांत लेखनाचे पट्टे, कौलारू छपरावर एका कौलाची कड दुसऱ्याखाली जावी तसे, एकावर एक किंचित चढवून लिहिले जातात. मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली सारी ओळ उसकटावी लागते, तसेच या डिस्कवर मधला मजकूर बदलताना घडते. नित्याच्या वापरात ते ध्यानात येत नाही, पण रेडमधील एक डिस्क बदलून तिच्यावर सलग दोन दिवस मजकूर परत भरायचा झाला की तिचा वेग इतका मंदावतो, की संघ तिला बंद पडलेली समजून बाहेर काढतो. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले, की घरगुती सर्व्हरसाठी म्हणूनच विकल्या जाणाऱ्या आपल्या 'रेड' मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या पद्धतीच्या आहेत. माहितीपत्रकात तोवर त्याचा उल्लेख नव्हता. पुढे कंपनीने याद्या प्रसिद्ध केल्या आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कांना 'रेड प्लस' हे निराळे नाव दिले. पण मधल्या काळात किती गृहस्थांनी 'नवी डिस्कही गेली' म्हणून कपाळाला हात लावला असेल! त्या डिस्कांत बिघाड नव्हता. त्यांच्याविषयी सांगायला हवे ते सांगितले गेले नव्हते, एवढेच.

रेड हा बॅकअप नव्हे, हे पुष्कळ ठिकाणी सांगून झालेले आहे, म्हणून मी त्यावर फार शब्द खर्च करीत नाही. चुकून पुसलेली फाईल रेड दोन्ही डिस्कांवरून सारख्याच तत्परतेने पुसते. १९९८ साली पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली एका आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या, आणि बॅकअपकडे धाव घेतली तेव्हा तो कित्येक दिवस नीट चालतच नसल्याचे उघड झाले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रनिर्देशिका मूल लहान असल्यामुळे घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून. एवढ्या धनाढ्य संस्थेची लाज एका घरगुती यंत्राने राखली, ही गोष्ट घरच्या सर्व्हरची चेष्टा करणाऱ्यांनी जरूर आठवावी. आणि ज्या बॅकअपमधून कधी एकही फाईल परत काढून पाहिलेली नाही त्यावर विसंबणाऱ्यांनीही आठवावी.

हे सारे वाचून कोणास वाटेल, की इतका खटाटोप करण्यापेक्षा मासिक भाडे भरून सारे एखाद्या बड्या कंपनीच्या हवाली करावे. ज्याला नोंदी वाचण्याची हौस नाही, त्याने अवश्य तसे करावे. त्यात कमीपणा नाही. पण ज्याने आपला संग्रह आपल्या घरी ठेवण्याचे ठरवले आहे, त्याला बिघाडाचे निदान विकत मिळण्याची सोय तरी असावी की नाही? पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही अशी माणसे आहेत, की ज्यांच्या बोटांना मल्टिमीटर न लावताही मरू घातलेल्या एसएमपीएसची ओळख पटते. आपण त्यांच्याशी कसे वागतो? तासभर खपून त्यांनी 'केबल खराब होती' असे सांगितले, तर केबलचे शे-दीडशे रुपये मोजतानाही आपण घासाघीस करतो, आणि तासाभराच्या अकलेचे दोनशे मागितले तर 'नुसते पाहिलेत ना?' असे विचारतो. हाच दुकानदार 'डिस्क गेली' म्हणाला असता, तर आपण सहा हजार रुपये मुकाट्याने काढून दिले असते. ज्या व्यवहारात खऱ्या निदानाला दाम नाही आणि खोट्या निदानावर नफा आहे, तेथे कोणते निदान अधिक वेळा होईल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. त्या कारागिरावर मी अप्रामाणिकपणाचा आरोप करीत नाही. प्रामाणिक राहण्याची किंमत आपण त्याला एकट्यालाच मोजायला लावतो, एवढेच माझे म्हणणे आहे. वैद्याला आपण तपासणीचे पैसे देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो. मग पंधरा वर्षांची छायाचित्रे ज्याच्या हाती सोपवतो, त्याला पाहण्याचे का देऊ नयेत?

सरकारकडूनही काही अपेक्षा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू त्याच्या कक्षेत घेतल्या, हे स्तुत्यच होय. परंतु सुटे भाग आणि सेवाकेंद्रांचे पत्ते मिळाल्याने दुरुस्ती अर्धीच सुकर होते. वस्तू मुळात कशी चालते हे खरेदीच्या वेळी सांगितले गेले नाही, तर बिघाड कोठला आणि स्वभाव कोठला, हे ग्राहकाला कधीच उमगणार नाही. डिस्कवरील पट्टे एकावर एक चढवलेले आहेत की नाहीत, अडलेल्या सेक्टरवर ती किती सेकंद थांबते आणि ही मर्यादा बदलता येते की नाही, या दोन गोष्टी प्रत्येक डिस्कच्या वेष्टनावर छापण्याची सक्ती त्या विभागाने करावी; उत्पादकाला यासाठी शाईखेरीज काहीही खर्च येणार नाही. तोवर, डिस्क विकत घेणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही गोष्टी दुकानदाराकडून बिलावर लिहून मागाव्यात, आणि त्याने नकार दिला तर शेजारच्या दुकानाची पायरी चढावी.